एक-चार-पाच, बाराही पट्ट्यांत

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं, की पियानोवर मेजर पट्टीतलं एक-चार-पाच-एक हे साधं कॉर्ड प्रोग्रेशन (पट्टीच्या पहिल्या, चौथ्या, पाचव्या आणि पुन्हा पहिल्या स्वरावरच्या तीन-तीन स्वरांच्या कॉर्ड्स) बाराही पट्ट्यांत हाताखाली बसलेलं नसेल, तर गाणाऱ्याच्या साथीला बसायची घाई करू नये. त्यावर पुष्कळ पत्रं आली. काही वाचक रागावले आहेत, बरेचसे गोंधळले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. स्वरांची नावं पाश्चात्त्य पद्धतीने दिली आहेत: शार्प म्हणजे एक सेमीटोन चढा, फ्लॅट म्हणजे एक सेमीटोन उतरता, आणि सेमीटोन म्हणजे काळी-पांढरी सगळी धरून लगतच्या दोन स्वरांतलं अंतर. जिथे सरगमने काम सोपं होतं तिथे सरगम वापरली आहे, तेव्हा सा म्हणजे त्या-त्या पट्टीचा पहिला स्वर समजावा.

बारा पट्ट्या आणि प्रत्येकीत तीन कॉर्ड्स, म्हणजे छत्तीस झाल्या. शिवाय त्यांची इन्व्हर्शन्स, म्हणजे तेच स्वर खालीवर करून. मी वहीत तक्ता करून रोज पाच कॉर्ड्स पाठ करतो, पण आठवड्याभरात मागच्या विसरतो. पाठांतराची काही युक्ती आहे का?
— एक वाचक, नाशिक

छत्तीस नाहीत, बाराच आहेत. सी-ई-जी ही सी पट्टीतली पहिली कॉर्ड, जी पट्टीतली चौथी आणि एफ पट्टीतली पाचवी. प्रत्येक मेजर कॉर्ड अशी तीन घरी कामाला असते. त्यामुळे तक्ता करून तुम्ही एकच गोष्ट तीनदा पाठ करता आहात आणि तिन्ही वेळा ती वेगळी आहे असं समजता आहात. वही बाजूला ठेवा.

पहिली गोष्ट, कॉर्ड बांधायची कशी. कुठल्याही स्वरापासून चार सेमीटोन वर गेलं की ग, तिथून तीन सेमीटोन वर गेलं की प. काळी-पांढरी सगळी धरून, एकही न गाळता मोजायचं. सुरुवातीचा स्वर मात्र मोजायचा नाही. सीपासून सी शार्प, डी, डी शार्प, ई असे चार. नवशिके सीलाच ‘एक’ म्हणतात आणि डी शार्पवर थांबतात. तक्ता चुकतो तो बहुतेक इथेच.

दुसरी गोष्ट आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. तिन्ही कॉर्ड्स मूळ स्थितीत, म्हणजे कॉर्डचा पहिला स्वर सगळ्यात खाली ठेवून, वाजवत हात उड्या मारत नेऊ नका. उजव्या हाताने हे वाजवा:

सा ग प — सा म ध — नि म प — सा ग प

यातला नि खालच्या सप्तकातला, साच्या लगतचा. सी पट्टीत हेच सी-ई-जी, सी-एफ-ए, बी-एफ-जी, सी-ई-जी असं होतं. तिसरी कॉर्ड म्हणजे पाचवीची सेव्हन्थ, पाचव्या कॉर्डमध्ये (प नि रे) म मिळवून झालेली. तिच्यातला रे गाळला आहे, कारण त्याच्यावाचून काही अडत नाही.

आता बोटं काय करतात ते बघा. पहिलीवरून दुसरीवर जाताना खालचा सा जागेवर राहतो, मधला स्वर एक सेमीटोन चढतो आणि वरचा एक पूर्ण टोन, म्हणजे दोन सेमीटोन, चढतो. दुसरीवरून तिसरीवर जाताना मधला म जागेवर, सा एक सेमीटोन उतरतो, ध एक टोन उतरतो. तिसरीवरून परतताना वरचा प जागेवर, नि चढून सा होतो, म उतरून ग होतो. दर वेळी एक स्वर तसाच राहतो आणि उरलेले दोन जेमतेम सरकतात. हे बाराही पट्ट्यांत तंतोतंत असंच आहे, म्हणून पाठ करायची ती ही सरक. पडताळून बघायला ए फ्लॅट घ्या: ए फ्लॅट-सी-ई फ्लॅट, मग ए फ्लॅट-डी फ्लॅट-एफ, मग जी-डी फ्लॅट-ई फ्लॅट, आणि परत पहिली.

डाव्या हाताने फक्त सा, म, प, सा असे एकेरी स्वर. करंगळी सावर ठेवली की म दुसऱ्या बोटाखाली आणि प अंगठ्याखाली आपोआप येतो.

बोटं कुठली वापरायची? स्केल शिकताना अंगठा काळ्या स्वरावर येऊ द्यायचा नाही असं सांगितलं होतं. तो नियम पाळला तर डी फ्लॅट आणि बी मेजरमध्ये हात वेडावाकडा होतो आणि मनगट दुखतं.
— एक वाचक, सांगली. सोलापूर आणि इंदूरहूनही हाच प्रश्न

तो नियम स्केलचा आहे. स्केलमध्ये अंगठा इतर बोटांखालून काढावा लागतो आणि काळीवरून ते अवघड जातं. कॉर्ड वाजवताना अंगठा कुणाच्या खालून जात नाही, त्यामुळे नियमाचं कारणच उरत नाही. तुम्ही तो इथे पाळायला गेलात तर वाजवणंच बंद पडेल. उजवा अंगठा वरच्या प्रोग्रेशनमध्ये सा आणि नि हे दोन स्वर वाजवतो. सा काळा असलेल्या पाच पट्ट्या आहेत: डी फ्लॅट, ई फ्लॅट, जी फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट. नि काळा असलेल्याही पाच: जी, डी, ए, ई, बी. उरल्या फक्त सी आणि एफ. म्हणजे बारापैकी दहा पट्ट्यांत अंगठा काळीवर जाणारच.

मनगट दुखतं त्याचं कारण वेगळं असावं. अंगठा इतर बोटांपेक्षा आखूड. तो काळीवर न्यायचा तर अख्खा हात पियानोच्या आत, झाकणाच्या दिशेने सरकायला हवा. बहुतेक जण हात आहे तिथेच ठेवून मनगट बाहेरच्या बाजूला वाकवतात आणि अंगठा ताणून काळीवर टेकवतात. त्याऐवजी कोपरापासून हात दोन-तीन सेंटिमीटर आत न्या. मग पांढरे स्वर काळ्यांच्या मधल्या अरुंद जागेत दाबावे लागतात. तिथे स्वर थोडा जड लागतो, ते साहजिक आहे. जी, डी, ए, ई, बी या पट्ट्यांत अंगठा पांढऱ्यावरून काळ्यावर जाऊन परत येतो. तिथे दर वेळी आतबाहेर करू नका, पहिल्या कॉर्डपासूनच हात आत ठेवा.

बोटं अशी, अंगठा १ आणि करंगळी ५ धरून. उजवा हात: सा ग प ला १-३-५, सा म ध ला १-३-५, नि म प ला १-४-५. डावा हात हेच वाजवणार असेल तर ५-३-१, ५-२-१, ५-२-१.

उजव्या हातात एक खाच आहे. म तोच राहतो, पण त्यावरचं बोट तिसऱ्याचं चौथं होतं. म आणि प शेजारी असल्यामुळे ४-५ लागतं. ही अदलाबदल विसरून तिसरंच बोट ठेवलं की वाजतं नीट, पण चौथं बोट अधांतरी आखडतं आणि वेग वाढवला की अडखळतं. डाव्या हातात ही भानगड नाही. दोन्ही हात बसवायचे असतील तर डाव्यापासून सुरुवात करावी, असं आम्ही सुचवू.

मी पेटी वाजवतो. पांढरी एक, काळी चार ही भाषा कळते. पियानोवर ए फ्लॅट, डी शार्प म्हटलं की डोकं चालत नाही. आणि या कॉर्ड्स भजनाला, भावगीताला चालतील का?
— एक वाचक, कोल्हापूर

तुमच्याच भाषेत बोलू. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प किंवा डी फ्लॅट, पांढरी दोन डी, काळी दोन ई फ्लॅट, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प किंवा जी फ्लॅट, पांढरी पाच जी, काळी चार ए फ्लॅट, पांढरी सहा ए, काळी पाच बी फ्लॅट, पांढरी सात बी. एवढं पियानोवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंत तरी चालेल, आठवड्याभरात काढून टाका.

पेटीवाल्याला एक गोष्ट आधीच येत असते: गायकाने पट्टी सांगितली की सा हलवायचा. पियानोच्या विद्यार्थ्यांना तेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. गाणं काळी चारमध्ये असेल तर तुमच्या तीन कॉर्ड्स काळी चार, काळी एक आणि काळी दोनवरच्या. काळी एकमध्ये असेल तर काळी एक, काळी तीन, काळी चार. पांढरी दोनमध्ये पांढरी दोन, पाच आणि सहा.

पेटीची सवय आड येते ती दाबात. पेटीत आवाज भात्यावर. पियानोत प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा, आणि तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या भरात वरचा स्वर हरवतो. प्रोग्रेशनचा वरचा स्वर प-ध-प-प असा ऐकू येतो, तीच त्याची चाल. करंगळीकडे थोडा जास्त भार देऊन ती चाल बाहेर काढा.

चालतील का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मेजर पट्टी म्हणजे बिलावल थाटाचे स्वर. चाल त्या स्वरांची असेल तर या तीन कॉर्ड्स बेलाशक घ्या. यमनाच्या चालीत तीव्र मध्यम असतो, तिथे चौथ्या कॉर्डमधला शुद्ध म आणलात तर राग मोडला. भूपात म आणि नि दोन्ही नाहीत, म्हणजे सा म ध आणि नि म प या दोन्ही कॉर्ड्स परक्या झाल्या. अशा ठिकाणी सा-प एवढंच धरावं, किंवा गप्प बसावं.

तानपुरा चालू असेल तर आणखी एक पथ्य. पियानोचा ग तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेमीटोनचे शंभर भाग केले तर त्यातले १४) चढा असतो. एकट्या पियानोत ते खपून जातं. तानपुऱ्यावर सा ग प लांब धरून ठेवलंत की गायक तुमच्याकडे बघायला लागतो.

रोज २० मिनिटं मिळतात. कुठल्या क्रमाने जावं? सीपासून एकेक सेमीटोन चढत गेलो तर डी फ्लॅटलाच अडकतो.
— एक वाचक, पुणे

सेमीटोनने चढणं हा सगळ्यात वाईट क्रम, कारण शेजारच्या पट्ट्यांत हाताचा आकार उलटापालटा होतो. आधी पहिल्या कॉर्डच्या आकारावरून गट करा. सी, एफ, जी: तिन्ही स्वर पांढरे. डी, ए, ई: पांढरा-काळा-पांढरा. डी फ्लॅट, ए फ्लॅट, ई फ्लॅट: काळा-पांढरा-काळा. जी फ्लॅट संपूर्ण काळी. बी म्हणजे पांढरा-काळा-काळा, आणि बी फ्लॅट बरोबर त्याच्या उलट. आठवड्याला एक गट घेतला तर चार आठवडे लागतात. शेवटच्या आठवड्यात तीन वेगळे आकार एकत्र येतात, तो दोन आठवडे चालला तरी चिंता नको.

मेट्रोनोम ६० वर (मिनिटाला ६० ठोके), प्रत्येक कॉर्ड चार मात्रा. पहिल्या मात्रेला वाजवायची आणि तिसऱ्या मात्रेपर्यंत पुढच्या कॉर्डची बोटं कुठे जाणार हे डोक्यात ठरलेलं हवं. चौथ्या मात्रेला हात हलतो. कॉर्ड चुकली तर थांबून दुरुस्त करत बसू नका. पट्टी संपवा, मग ज्या दोन कॉर्ड्समध्ये गडबड झाली तेवढीच जोडी पाच-सहा वेळा उलटसुलट करा. सुरुवातीपासून पुन्हा वाजवण्याच्या सवयीमुळे पहिली कॉर्ड सुरेख होते आणि तिसरी कच्चीच राहते. एकदा पूर्ण फेरी जमली की बारा पट्ट्यांना या लयीत ३ मिनिटं १२ सेकंद लागतात. म्हणजे २० मिनिटांत वेळ उरतोच.

फेरीसाठी क्रम असा: सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी, ई, ए, डी, जी आणि परत सी. दर वेळी सा चौथ्या स्वरावर जातो. याचा फायदा असा, की संपलेल्या पट्टीचा सा हाच नव्या पट्टीचा प असतो. सी पट्टी संपली, डाव्या हाताचा सी तसाच धरा, उजव्याने एफ पट्टीतलं नि म प, म्हणजे ई-बी फ्लॅट-सी वाजवा आणि एफ-ए-सीवर उतरा. कानाला कळतं की घर बदललं.

सतत चौथ्याने वर गेलात तर पाच सप्तकं लागतील. म्हणून एकदा चार स्वर वर, पुढच्या वेळी पाच स्वर खाली (इथे पट्टीतले स्वर, सुरुवातीचाही धरून) असं आलटूनपालटून जा. उजवा हात मधल्या सीच्या (पियानोच्या मध्याजवळच्या सीच्या) वरच्या सीपासून सुरू केला तर फेरीअंती तो बरोबर मधल्या सीवर येतो. तिथे आला नाही, तर वाटेत कुठेतरी दिशा चुकली. डावा हात सगळीकडे उजव्याच्या एक सप्तक खाली.

माझ्या कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण आहे. सगळं सीमध्ये वाजवून बटणाने पट्टी बदलता येते. मग हा खटाटोप कशाला?
— एक वाचक, दुबई

बटण वाईट नाही, पण खऱ्या पियानोला ते नसतं. शेवटच्या कडव्याला पट्टी एक सेमीटोन चढली तर दोन्ही हात गुंतलेले असताना ते दाबायचं कोणी? आणि बटण शून्यावर आणायला विसरलात तर पुढच्या गाण्यात तुम्ही एका पट्टीत आणि बाकीचे दुसऱ्या. सरावाच्या वेळी ते शून्यावरच असू द्या.

कॉर्ड्स बरोबर असूनही आवाज गढूळ येतो. पेडल दाबलं तर आणखी वाईट. डाव्या हातानेही पूर्ण कॉर्ड वाजवते.
— एक वाचक, ठाणे

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. मधल्या सीच्या दोन सप्तकं खालच्या सीची कंपनसंख्या साधारण ६५ हर्ट्झ आणि त्याच्या गची ८२. फरक १७ चा. इतके जवळचे कंप कानाला वेगळे लागत नाहीत, घरघर ऐकू येते. मधल्या सप्तकात हाच फरक ६८ होतो आणि कॉर्ड स्वच्छ लागते. म्हणून मधल्या सीच्या एक सप्तक खालच्या सीपेक्षा खाली जवळजवळची तीन स्वरांची कॉर्ड घेऊ नये. तिथे एकेरी सा, किंवा सा-प, किंवा सा-प-सा.

पेडलबाबत क्रम उलटा होत असावा. कॉर्ड आणि पेडल एकदम दाबलं तर मागच्या कॉर्डचा आवाज नव्यात अडकतो. नवी कॉर्ड वाजते त्या क्षणी पाय वर यायला हवा, आणि तिचा आवाज स्वच्छ ऐकू आला की मगच खाली. हात खाली, पाय वर. मग पाय खाली. ६० च्या लयीत पहिल्या मात्रेला पाय उचला, दुसऱ्या मात्रेला दाबा. टाच जमिनीवरून उचलू नका, नाहीतर पेडलचा खट्-खट् आवाज येतो. सी पट्टीत सा म ध वरून नि म प वर जाताना सी आणि बी एकत्र घुमले, तर पाय उशिरा उठला असं समजा. पेडल तपासायला याहून चांगली जागा नाही.

चर्चच्या कॉयरला साथ करते. ई फ्लॅटमधलं गीत बायकांना उंच जातं, म्हणून डीमध्ये घ्यायचं असतं. अर्धाच सूर खाली, पण ऐनवेळी बोटं ई फ्लॅटवरच जातात.
— एक वाचक, मडगाव

अर्धा सूर म्हणूनच अवघड. ई फ्लॅटचा आकार काळा-पांढरा-काळा, डीचा त्याच्या अगदी उलट. हाताला एकच आठवण राहते की ‘मधलं बोट पांढऱ्यावर’, आणि मग डी-एफ-ए वाजतं, म्हणजे डी मायनर. कागदावर स्वरांची नावं खोडून नवी लिहू नका. गाण्याच्या ओळीवर १, ४, ५ असे आकडेच लिहा आणि त्याआधी डी पट्टीतली सरक चार वेळा वाजवून घ्या: डी-एफ शार्प-ए, डी-जी-बी, सी शार्प-जी-ए. शेवटचं ‘आमेन’ बहुधा चारवरून एकवर येतं, तिथे डी-जी-बी वरून डी-एफ शार्प-ए. डी हलत नाही, मधला अर्धा उतरतो, वरचा पूर्ण. खालच्या आवाजांना डी धरून ठेवायला सांगितलंत तर तेही तुमच्या सोबत राहतील.

एफ शार्प मेजरमध्ये ‘ई शार्प’ असं छापलेलं असतं. तो एफच आहे ना? मग एफ का लिहीत नाहीत?
— एक वाचक, अमरावती

दाबायचा स्वर तोच. पण मेजर पट्टीत सातही अक्षरं एकेकदा यावी लागतात. सा एफ शार्प आहे म्हणजे एफ हे अक्षर संपलं, त्यामुळे नि ईचाच असणार. हीच पट्टी जी फ्लॅट म्हणून लिहिली तर नि एफ होतो, पण म सी फ्लॅट होतो. अडचण हटत नाही, फक्त जागा बदलते.

मुलगी आठ वर्षांची आहे. तिचा हात सा म ध ला पुरत नाही. आत्ता थांबावं का?
— एक पालक, छत्रपती संभाजीनगर

थांबायचं कारण नाही. पांढऱ्या स्वराची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर. सा ते ध यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर त्यामुळे १२ सेंटिमीटरच्या आत येतं, आणि नि ते प हेही साधारण तेवढंच. हात ताणून घेऊ नका. उजव्या हाताने फक्त वरचे दोन स्वर वाजवू द्या: ग-प, म-ध, म-प, ग-प. सा, म, प, सा डाव्या हाताकडे आहेतच, त्यामुळे ऐकायला प्रोग्रेशन पूर्ण वाटतं. बोटं मात्र ३-५, ३-५, ४-५, ३-५ अशी मोठ्यांचीच ठेवा, म्हणजे हात वाढला की अंगठा तेवढा नव्याने घालायचा राहील. जी फ्लॅट आणि बी सध्या सोडून द्या.